पोकळ कण, भरलेली पिंपं

पावसाळा तोंडावर आला की बेळगावात डासांवरचा वाद सुरू होतो. एका बाजूचं म्हणणं, आधी गटारं उपसा, लशीबिशीचं नंतर बघू. दुसरी बाजू म्हणते, आता विषाणूसदृश कणांच्या, म्हणजे विषाणूच्या नुसत्या पोकळ कवचाच्या लशी आल्यात, फॉगिंगचा धूर पुरे झाला, पैसा प्रयोगशाळेवर लावा. दोघेही तावातावाने बोलतात आणि दोघांचाही नेम चुकतो. डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवणारा एडिस इजिप्ती डास गटारात वाढत नाही. त्याला साठलेलं, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागतं: परसातलं पिंप, झाकण फुटलेली टाकी, फ्रीजमागचा ट्रे, पंक्चरवाल्याच्या दारातले टायर, फेकलेली करवंटी. गटारातला डास क्युलेक्स. तो झोप उडवतो, काही भागांत हत्तीरोग पसरवतो, पण डेंग्यू देत नाही. दुसरीकडे, ‘विषाणूसदृश कणांची लस’ नावाची कुठली एक वस्तूही नाही. तो एक साचा आहे. त्यातून काय काढायचं, कोणत्या रोगासाठी आणि कोणत्या वयाला, हे प्रत्येक वेळी वेगळं तपासावं लागतं.

सीमाभागापुरतं माझं मत असं: या कणांचा पहिला उपयोग दंडात नको, रक्तचाचणीच्या प्लेटमध्ये हवा. त्यानंतर चिकुनगुनियाची लस, आणि डेंग्यूची सर्वांत शेवटी. मलेरियासाठी आपल्याकडे त्यांची निकड नाही. आणि यातली कुठलीच गोष्ट पिंपाच्या झाकणाची जागा घेऊ शकत नाही.

हा कण म्हणजे काय, ते आधी नीट पाहू, कारण भीती आणि भक्ती दोन्ही इथूनच सुरू होतात. विषाणूचं बाहेरचं कवच ज्या प्रथिनांनी बनतं, त्यांना एक खोड असते: पुरेशी संख्या जमली की ती आपोआप एकमेकांत अडकतात आणि गोळा तयार होतो. आत विषाणूची जनुकं नसतील तर तो गोळा दिसायला विषाणू, पण वाढायला असमर्थ. चिकुनगुनियाच्या कणावर ई-१ आणि ई-२ प्रथिनांच्या २४० जोड्या ८० काट्यांच्या रूपात बसतात, आणि शरीराची संरक्षण यंत्रणा नेमकी त्या नक्षीला ओळखते. बनवण्याची रीत थोडक्यात अशी: कवचाची जनुकं यीस्ट, मानवी पेशींची प्रयोगशाळेतली जात किंवा किडीच्या पेशी यांपैकी कशात तरी घालायची, काही दिवस वाढवायचं, द्रव गाळायचा, कण वेगळे करून शुद्ध करायचे आणि बहुतेक वेळा ॲल्युमिनियमच्या क्षारावर बसवायचे. किडीच्या ज्या पेशी यासाठी सर्वाधिक वापरल्या जातात, त्या मूळच्या अमेरिकन लष्करी अळीच्या. २०१८ साली शिवमोग्ग्यात प्रथम सापडून मग आपल्या मक्याचा फडशा पाडणारी तीच अळी. जिच्यावर आपण फवारे मारतो, तिच्या अंडाशयाच्या पेशी टाकीत लस बनवतात.

हे सांगायला सोपं, करायला किचकट. किडीच्या पेशींत जनुक नेण्यासाठी बॅक्युलोव्हायरस, म्हणजे किडींनाच होणारा एक विषाणू, वापरतात. मग तोच शेवटच्या द्रवात उरतो आणि कणांपासून वेगळा काढताना नाकीनऊ येतात. यीस्ट आपल्या सवयीने प्रथिनांवर साखरेच्या लांब साखळ्या चढवतं, त्यामुळे मूळ नक्षी झाकली जाऊ शकते. डेंग्यूचा कण तर फारच नाजूक. त्याच्या कवचातलं ई नावाचं प्रथिन आम्लात गेलं की कायमचा आकार बदलतं, म्हणून शुद्धीकरणात आम्ल वापरून कण सोडवण्याची नेहमीची सोय हातातून जाते. वर त्याचं पूर्वरूप प्रथिन, प्रीएम, पेशी अर्धवटच कापते. म्हणजे एकाच बॅचमध्ये पिकलेले, अर्धकच्चे आणि कच्चे कण एकत्र. प्रथिन किती मिळालं हे पाहून भागत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गोळे अखंड आहेत का, एकमेकांना चिकटून गुठळ्या झाल्यात का आणि त्यातून उठणारी प्रतिपिंडं, म्हणजे रक्तातली रोगाशी लढणारी प्रथिनं, खरा विषाणू निष्प्रभ करतात का, हे दर बॅचला पाहावं लागतं. लशीची किंमत इथे खर्च होते. चिकुनगुनियाच्या कणलशीचा एक डोस ४० मायक्रोग्रॅमचा. २०११ च्या जनगणनेनुसार बेळगाव जिल्हा सुमारे ४८ लाखांचा. सगळ्यांना एकेक डोस द्यायचा म्हटलं तरी शुद्ध प्रथिन दोनशे ग्रॅमच्या आत, सराफाच्या भाषेत एकोणीस तोळे. महाग आहे ती शुद्धता आणि ती सिद्ध करण्याची मेहनत.

‘प्रयोगशाळेत केलेला विषाणू आमच्या मुलांना नको’ असं म्हणणाऱ्यांना एक प्रश्न: तुमच्या मुलाला काविळीची, म्हणजे हिपॅटायटिस-बीची लस दिली होती ना? ती विषाणूसदृश कणांचीच. यीस्टमध्ये बनलेले २२ नॅनोमीटरचे गोळे. १९८६ मध्ये ती अमेरिकेत आली तेव्हा सामान्यांच्या आवाक्याबाहेर होती. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने ती इथे बनवली आणि भाव कोसळले. २०११ पर्यंत ती देशभरच्या राष्ट्रीय लसीकरणात गेली. आज ती प्राथमिक आरोग्य केंद्रात बाळाला जन्मल्या दिवशी टोचतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लसही याच जातीची. शिवाय लस बनवणं हे बेळगावला परकं नाही. टिळकवाडीतल्या ज्या व्हॅक्सीन डेपोच्या झाडांखाली आज लोक सकाळी फिरतात, तिथे एकेकाळी मुंबई इलाख्यासाठी वासरांच्या कातडीवर देवीची लस तयार व्हायची. त्या लशीत जिवंत विषाणू असे. तिच्या तुलनेत पोकळ कण म्हणजे दात काढलेला साप.

पण सुरक्षित म्हणजे उपयोगी असं नाही, आणि उत्साही मंडळी घसरतात ती नेमकी इथे. काविळीला जमलं, म्हणून डेंग्यूला जमेल? डेंग्यूचे प्रकार चार. एकदा एका प्रकाराचा झाला की त्या प्रकारापासून बचाव होतो, पण अर्धवट चिकटणारी प्रतिपिंडं दुसऱ्या प्रकाराच्या विषाणूला अडवण्याऐवजी पेशीत शिरायला मदत करू शकतात. म्हणून दुसरा डेंग्यू बऱ्याचदा पहिल्यापेक्षा घातक. फिलिपाइन्समध्ये २०१६ साली आठ लाखांहून जास्त शाळकरी मुलांना डेंगव्हॅक्सिया ही डेंग्यूची लस दिली गेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीनेच कबूल केलं की ज्यांना आधी डेंग्यू झालेला नाही, त्यांच्यात लशीनंतर गंभीर आजाराचा धोका वाढतो. ती लस जिवंत विषाणूची होती, कणांची नव्हती, हे खरं. पण गफलत विषाणू जिवंत असण्यात नव्हती, चार प्रकारांना सारखा प्रतिसाद न उठण्यात होती. पोकळ कण ती गफलत आपोआप टाळत नाही. उलट कच्च्या, प्रीएमवाल्या कणांनी तर नेमकी ती नको असलेली प्रतिपिंडं वाढू शकतात.

यावर उत्तर शोधणारे लोक आहेत आणि ते आपल्याच देशात आहेत. दिल्लीच्या आयसीजीईबी या जैवतंत्रज्ञान संशोधन संस्थेत चारही प्रकारांच्या ई प्रथिनाचा फक्त तिसऱ्या क्रमांकाचा भाग घेऊन तो काविळीच्या कणावर बसवला गेला आणि पिकिया या यीस्टमध्ये वाढवला गेला. प्रीएम नाही, नको ती प्रतिपिंडं उठवणारं वळण नाही; उरतं ते निष्प्रभ करणारं टोक. कल्पना देखणी आहे. पण उंदीर-माकडांतले निकाल आणि खानापूर तालुक्यातली मुलं यांत बरंच अंतर आहे. डेंगव्हॅक्सियाच्या चाचणीत लहान मुलांमधला धोका लक्षात आला तो तिसऱ्या वर्षी. मग पहिल्या वर्षीचे प्रतिपिंडांचे आकडे पाहून टाळ्या कशाला वाजवायच्या? डेंग्यूच्या कुठल्याही कणलशीला मोठ्या संख्येवर निदान तीन ते पाच वर्षांचा पाठपुरावा हवा, आणि त्याआधी कुणाला डेंग्यू होऊन गेला आहे हे सांगणारी भरवशाची चाचणी.

ती चाचणी आज भरवशाची नाही. म्हणून क्रमात ती पहिली. तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तात एनएस-१ हे विषाणूचं प्रथिन सापडतं, नंतर आयजीएम ही सुरुवातीची प्रतिपिंडं. पट्टीवरची रॅपिड चाचणी पटकन होते, पण सरकारी हिशेबात रुग्ण ‘निश्चित’ ठरतो तो एलायझाने, म्हणजे प्लेटमध्ये रंग पाहून केलेल्या रक्तचाचणीने. कर्नाटकाने २०२४ मध्ये एलायझाचा दर प्रत्येकी ३०० रुपयांवर बांधून दिला, हे चांगलं केलं. मात्र आयजीएम एलायझाचा पाया म्हणजे त्यात वापरलेलं प्रतिजन, प्रतिपिंडं ज्याला धरतात तो विषाणूचा भाग. पारंपरिक पद्धतीत ते मिळवायला जिवंत विषाणू वाढवून मारावा लागतो. दुसरी अडचण जास्त खोल आहे. डेंग्यू, जपानी मेंदूज्वर, झिका आणि माकडताप हे सगळे एकाच कुळातले. त्यांच्या ई प्रथिनात ९८ ते ११० क्रमांकांच्या अमिनो आम्लांचं एक वळण जवळपास सारखं असतं, आणि एकाची प्रतिपिंडं दुसऱ्याच्या प्लेटमध्ये रंग देतात. आपल्याकडे ही पुस्तकी अडचण नाही. पश्चिमेला घाटाच्या जंगलात माकडताप आहे. काजूच्या बागांत कामाला गेलेली माणसं तो घेऊन परत आली आहेत. झिका डिसेंबर २०२२ मध्ये रायचूरला सापडला, त्याआधी २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला. अशा प्रदेशात ‘डेंग्यू पॉझिटिव्ह’ या शिक्क्याचा अर्थ काय घ्यायचा?

इथे विषाणूसदृश कण खरोखर कामाचा आहे. जिवंत विषाणू न हाताळता प्रतिजन मिळतं, आणि कण आपण बनवत असल्यामुळे ते वळण बदलताही येतं. त्यातली १०६ आणि १०७ या जागांवरची अमिनो आम्लं बदललेले कण अशा चाचण्यांसाठी तयार झालेले आहेत. कुळाला चिकटणारी प्रतिपिंडं त्यांना धरत नाहीत, रोगाची खास असलेली धरतात. बिघडू शकतं तेही सांगायला हवं. काही रुग्णांची सुरुवातीची प्रतिपिंडं मुख्यतः त्या वळणाविरुद्धच असतात, आणि वळण बदललं की खरा डेंग्यू निगेटिव्ह दिसतो. म्हणून मूळ कण आणि बदललेला कण अशा दोन खाचा शेजारीशेजारी ठेवून दोन्ही रंगांचं गुणोत्तर पाहायचं. पॉझिटिव्ह कुठून धरायचं ती सीमारेषा मात्र पुण्या-दिल्लीहून उसनी आणून चालणार नाही. खात्रीचा डेंग्यू, खात्रीचा माकडताप, मेंदूज्वराची लस घेतलेली मुलं आणि धडधाकट माणसं अशा इथल्याच सीरमच्या नमुन्यांवर ती बसवावी लागेल. बेळगावात वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, आयसीएमआरची संस्था आहे. माणसं नाहीत अशी सबब नको.

सीमाभागाला या कामाची गरज जास्त आहे, त्याला आणखी एक कारण आहे. चंदगडचा तापाचा रुग्ण बेळगावात दाखल होतो, निपाणीचा कोल्हापूर-मिरजेला जातो, खानापूरचा मजूर गोव्यात आजारी पडतो. एकच साथ तीन राज्यांच्या तीन वह्यांत तुकड्यातुकड्याने लिहिली जाते, आणि तिन्हीकडे ती किरकोळ दिसते. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो लागेल तेव्हा लागेल. पण तिन्ही वह्यांत एकाच पद्धतीच्या चाचणीचा निकाल लिहिला जावा, यासाठी कोर्टाची तारीख लागत नाही.

आता चिकुनगुनिया. इथे कणलशीची बाजू खरी भक्कम आहे. या विषाणूचा एकच सीरोटाइप, म्हणजे एकच प्रकार, एकदा झाला की प्रतिकारशक्ती दीर्घकाळ टिकते आणि डेंग्यूसारखी उलटणारी प्रतिपिंडं इथे डोकेदुखी ठरलेली नाहीत. रोग जीव क्वचित घेतो, पण सांधे महिनोन्‌महिने धरून ठेवतो. ऊसतोड करणारा, वडगाव-शहापूरचा विणकर, निपाणीत विड्या वळणारी बाई: मनगट वळत नसेल तर यांची मजुरी त्या दिवशी शून्य. १९७३ मध्ये बार्शीला साथ आली, मग हा रोग तीन दशकं जवळपास गायब झाला, आणि २००५-०६ मध्ये असा परतला की २००६ च्या देशातल्या सुमारे १४ लाख संशयित रुग्णांपैकी साडेसात लाख एकट्या कर्नाटकातले होते. गायब असण्याच्या काळात वाढलेल्या पिढीच्या रक्तात काहीच संरक्षण नव्हतं. साथ ओसरली की पुढची पिढी पुन्हा कोरी, हे चक्र गटारं उपसून कसं तुटणार?

लशींची तुलनाही बोलकी आहे. अमेरिकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये जिवंत, दुबळ्या विषाणूच्या लशीला परवाना दिला आणि प्रामुख्याने वयस्कांमधल्या गंभीर दुष्परिणामांनंतर ऑगस्ट २०२५ मध्ये तो स्थगित केला. कणांची लस, विमकुन्या, फेब्रुवारी २०२५ मध्ये बारा वर्षांपुढच्यांसाठी मंजूर झाली, एकच डोस. तीन आठवड्यांनी बारा ते चौसष्ट वयोगटातल्या सुमारे ९८ टक्के लोकांत अपेक्षित प्रतिपिंडं दिसली, पासष्टीपुढे सुमारे ८७ टक्क्यांत. यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप मला मान्य आहे: हे प्रतिपिंडांचे आकडे आहेत, प्रत्यक्ष साथीत किती माणसं वाचली याचे नाहीत. साथ कुठे, कधी येईल हे आधी कळत नसल्यामुळे तशी चाचणी घेणं अवघड, म्हणून परवाना प्रतिपिंडांवर दिला गेला. पण मग उपाय काय? साथीची वाट पाहत बसणं, की साथीचा इतिहास असलेल्या जिल्ह्यांत नियोजनपूर्वक, टप्प्याटप्प्याने लस देऊन मोजणं? माकडतापाच्या लशीने कर्नाटकाला हा धडा आधीच दिलेला आहे. ती १९९० च्या सुमारापासून दिली जात होती; दोन डोसांचं संरक्षण ६२ टक्क्यांच्या आसपासच निघालं, आणि २०२२ मध्ये ती थांबवावी लागली. लस आहे यावर समाधान मानून मोजणं ढिलं पडलं की असं होतं.

मलेरियावर थोडक्यात. आर-२१ ही कणलस पुण्यात बनते, जागतिक आरोग्य संघटनेने ती ऑक्टोबर २०२३ मध्ये शिफारसली. आपल्या राज्यात बनते म्हणून महाराष्ट्रात तिचा अभिमान, आणि तो योग्यच. पण ती फाल्सिपेरम या प्रकारच्या मलेरियासाठी, आफ्रिकेतल्या लहान मुलांसाठी. आपल्याकडच्या व्हायवॅक्स या दुसऱ्या प्रकाराला ती लागू पडत नाही, आणि कर्नाटकातल्या मलेरियाचा भार बेळगावपेक्षा मंगळूरच्या बाजूला जास्त. अशीच एक हूल निपाणीकडे उठू शकते: तंबाखूच्या झाडात लस बनते म्हणे! बनते. कॅनडाच्या मेडिकागोने तशी कोविडची कणलस केली, २०२२ मध्ये परवाना मिळाला, कंपनीत सिगारेटवाल्यांचे भाग असल्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेचं दार बंद झालं, आणि २०२३ मध्ये कंपनीच गुंडाळली गेली. शिवाय ते झाड वेगळ्या जातीचं, बंद हरितगृहात वाढवलेलं. निपाणीच्या तंबाखूला त्याने भाव यायचा नाही.

गटारवाल्यांकडे परत येऊ. त्यांच्या म्हणण्यात एक बिनतोड मुद्दा आहे: लस एका रोगाला अडवते, डास कमी झाला की डेंग्यू, चिकुनगुनिया, झिका सगळेच कमी होतात. बरोबर. पण सिंगापूरकडे पाहा. घरोघरी तपासणी, जबर दंड, अळ्या सापडणाऱ्या घरांचं प्रमाण शेकडा दोन-तीनच्या आसपास आणलेलं. तरीही २०२० मध्ये तिथे ३५ हजारांहून जास्त डेंग्यूचे रुग्ण झाले, कारण डास कमी झाल्याने लोकांच्या रक्तातलं संरक्षणही कमी झालं होतं. म्हणजे डास कमी करणं अटळ, पण अपुरं. आणि आपण तेही नीट करत नाही. एडिसची अंडी पिंपाच्या काठावर कोरडी पडून महिनोन्‌महिने जिवंत राहतात. पाणी ओतून दिल्याने जात नाहीत, काथ्याने घासावी लागतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस. रिकामी करता न येणाऱ्या टाकीला एक टक्का टेमेफॉस या अळीनाशकाचे दाणे, १०० लिटरला १० ग्रॅम. संध्याकाळी रस्त्यावर धूर सोडला तर दिवसा चावणारा, कपाटामागे बसलेला डास मरत नाही. फोटो मात्र चांगला येतो.

आणि पिंपं असतात तरी का? नळाला रोज पाणी येत नाही म्हणून. २००८ च्या सुमारास बेळगावच्या काही प्रभागांत चोवीस तास पाणी सुरू झालं. ज्या घरात नळ कधीही सोडता येतो, तिथे पाणी भरून ठेवायचं कारण राहत नाही. राकसकोप आणि हिडकलच्या पाण्याची वाटणी हा म्हणूनच आरोग्याचाही प्रश्न आहे. घरात अळ्या सापडल्या तर शहरात ४०० रुपये दंड, हा २०२४ चा नियम वाईट नाही. पण पाणी पाचव्या-सहाव्या दिवशी सोडणाऱ्यांना कुणी दंड करायचा?

राहिला विश्वास, आणि इथे संशयी माणसांची बाजू मी हलकी मानत नाही. २००९-१० मध्ये आंध्रातल्या खम्मममध्ये मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस देताना संमतीपत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या निघाल्या. लस तीच, पोकळ कणांची आणि सुरक्षित, वागणूक चुकीची. कार्यक्रम बंद पडला आणि देशात त्या लशीचं नाव बरीच वर्षं खराब झालं. १९७५ मध्ये दिल्लीतलं डासांच्या जनुकीय नियंत्रणाचं संशोधन जैविक युद्धाच्या संशयावरून गुंडाळलं गेलं. शंका दूर करील अशी माहिती वेळेत लोकांपुढे मांडली गेली असती तर कदाचित वाचलं असतं. बेळगावात हा प्रश्न भाषेचाही आहे. औषधचाचणीच्या २०१९ च्या नियमांनुसार संमतीपत्र सहभागी माणसाला समजेल अशा भाषेत हवं. खानापूर किंवा येळ्ळूरच्या आजीपुढे फक्त कन्नड कागद ठेवून अंगठा घेतला तर तो अंगठा आहे, संमती नाही. तसंच चिकोडीकडच्या कन्नड शेतकऱ्यापुढे मराठी कागद ठेवला तर तेही तितकंच चूक.

शीतसाखळीवरही विश्वास तितकाच अवलंबून आहे. ॲल्युमिनियमवर बसवलेले कण २ ते ८ अंशांत ठेवायचे असतात. उष्णतेपेक्षा गोठणं त्यांना लवकर मारतं, आणि कुपीवरचा उष्णतेचा खुणेचा चौकोन गोठल्याचं सांगत नाही. कणकुंबी-जांबोटीकडे डबा नेताना बर्फाची पाकिटं घाम फुटेपर्यंत बाहेर ठेवल्याशिवाय आत घालायची नाहीत. शंका आली तर त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम गोठवून, वितळवून, दोन्ही हलवून अर्धा तास शेजारी ठेवायच्या. संशयित कुपीतला गाळ गोठवलेलीइतक्याच वेगाने बसला तर ती फेकायची. गोठलेली लस टोचली तर पुरेसं संरक्षण मिळत नाही. मग साथ येते आणि लोक म्हणतात, लस घेऊनही झाला.

१९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवालला प्लेगची लस टोचल्यावर १९ माणसं धनुर्वाताने गेली. खापर ती लस शोधणाऱ्या हाफकिनवर फुटलं, त्याचं काम काढून घेतलं गेलं. पाच वर्षांनी त्याच्या बाजूने जाहीरपणे उभा राहिला तो रोनाल्ड रॉस, सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरिया शोधणारा. हाफकिनच्या सुटकेला आधार मिळाला तो एवढ्यामुळे, की दगावलेल्या सगळ्यांना एकाच, ५३-एन क्रमांकाच्या बाटलीतून टोचलं होतं हे कागदावर होतं, आणि ती बाटली उघडताना काय घडलं ते सांगणारे साक्षीदार होते. बेळगावात उद्या चिकुनगुनियाचा पहिला कण कुणाच्या दंडात गेला, तर त्याच्या हातातल्या मराठी किंवा कन्नड कार्डावर तो बॅच क्रमांक हवा, आणि त्याच क्रमांकाची नोंद चंदगडच्या आणि निपाणीच्या वहीतही.